न टोचलेली सुई

गेल्या वर्षभरात मला फोन करणाऱ्या बायकांचा प्रश्न एकच असतो. "तू त्या चिनी सुया घेतल्या होत्यास ना? बरं वाटतं का गं त्यानं?" कुणी इथे अमेरिकेत आमच्या आसपासची, पार्सिपनीची असते, कुणी पिस्कॅटवेची. एकदा पार लांबच्या ईडन प्रेरीहून कुणाच्या तरी नणंदेनं फोन केला होता. सगळ्या स्तनाच्या कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या, सगळ्या मी घेते तीच गोळी घेणाऱ्या, सगळ्यांची बोटं सकाळी लाकडासारखी. मी "हो, वाटतं" म्हणते, मग "पण" म्हणते, आणि त्या "पण"च्या पुढचं सांगायला अर्धा तास लागतो. म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे. यातून सल्ला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. माझ्याकडे तो नाही.

मीटिंगमध्ये

मी औषधांच्या चाचण्यांमध्ये संख्याशास्त्राचं काम करते. काम समजायला सोपं आहे. रुग्णांचे दोन गट करायचे. एकाला नवं औषध, दुसऱ्याला हुबेहूब तसंच दिसणारं पण आत काही नसलेलं. कुणाला काय मिळालं हे रुग्णाला कळू द्यायचं नाही. शेवटी दोन्ही गटांना किती बरं वाटलं ते पाहून एकातून दुसरं वजा करायचं. उरेल ते औषधाचं. वजा केलेलं कुणाचं, हे आम्हाला कुणी विचारत नाही.

बायॉप्सीचा निकाल इथे डॉक्टरांच्या फोनआधी हॉस्पिटलच्या अ‍ॅपवर येतो. मी अशाच एका चाचणीच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये होते. फोन वाजला, मी अ‍ॅप उघडलं आणि दुसऱ्या कुणाचा अहवाल वाचावा तसा आधी गाठीचा आकार पाहिला, मग प्रकार, मग नाव. कुणीतरी म्हणालं, "मंजिरी, यू आर ऑन म्यूट." मी आवाज सुरू केला आणि विचारलेल्या आकड्याचं उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं.

नंतर शेजारच्या खोलीत गेले. माझा नवरा गिरीश तिथे त्याच्या ऑफिसच्या कॉलवर होता. त्यानं स्क्रीनवरून नजर न हलवता दोन बोटं वर केली. दोन मिनिटं. मी दारात उभी राहिले. ती दोन मिनिटं तो अजून विसरलेला नाही. मला त्याचं काही वाटलेलं नाही, हे मी त्याला कितीदा सांगितलं तरी.

ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. त्याबद्दल लिहिणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. मला लक्षात राहिलं ते गरम केलेलं ब्लँकेट. रेडिएशनच्या खोलीत थंडी असायची आणि तिथली मुलगी न मागता कपाटातून गरम ब्लँकेट काढून पायांवर टाकायची. रोज. तेवढ्यासाठी मी वेळेवर जात होते.

गोळी

सगळं संपल्यावर गोळी सुरू झाली. माझी गाठ शरीरातल्या हार्मोनवर वाढणारी होती आणि ही गोळी तो हार्मोन अडवते. निदान पाच वर्षं घ्यायची. घेतली तर कॅन्सर परतण्याची शक्यता बरीच कमी होते. "थोडे सांधे आखडतील," डॉक्टर म्हणाल्या.

काही महिन्यांत माझी मूठ मिटेनाशी झाली. लाटणं धरता येईना. स्टिअरिंग मी तळव्यांनी ढकलून वळवायला लागले. जिना उतरताना कठडा धरून आडवी उतरायची. अंतर्वस्त्राचा हूक लावायला नवऱ्याला हाक मारावी लागली तेव्हा तो विनोद करायला गेला आणि माझा चेहरा पाहून नुसता हूक लावून गेला. डॉक्टरांनी गोळी बदलून पाहिली. तेच. वेदनाशामकांनी पोट बिघडलं. व्यायाम करा म्हणाल्या, केला. तेच.

म्हणजे गोष्ट एवढीच उरली होती. गोळी घेतली तर हात जातात, सोडली तर कॅन्सर परत यायला वाट मिळते. पुष्कळ जणी मधेच सोडतात. मीही सोडायच्या बेतात होते.

घरात यावर दोन पक्ष पडले. आमची मुलगी रेवा पब्लिक हेल्थ शिकते. तिचं म्हणणं, "आई, लिसन टू युअर बॉडी. इट्स सेइंग नो."

"बॉडी काय सांगते ते ऐकत बसलो असतो तर गाठ कळली असती का?" गिरीश म्हणाला. "गोळी सोडायची नाही. विषय संपला."

"बाबा, तिचे हात आहेत."

"आणि माझी बायको आहे."

मी समोरच बसले होते. दोघंही माझ्याशी बोलत नव्हते.

कुणाची फूटपट्टी

अशा वेळी डॉक्टरांनी सांगितलं की नेमक्या याच दुखण्यावर आमच्या हॉस्पिटलात अ‍ॅक्युपंक्चरची चाचणी चालू आहे. निम्म्या बायकांना खऱ्या सुया, निम्म्यांना खोट्या. मी तिथल्या तिथे होकार दिला. माझा चिनी वैद्यकावर विश्वास नव्हता. पण चाचणीवर होता.

त्या रविवारी सांगलीहून नरूदादाचा व्हिडिओ कॉल आला. नरूदादा माझा चुलतभाऊ, आयुर्वेदाचा वैद्य, चाळीस वर्षांची प्रॅक्टिस. मी त्याच्याकडून काही घेतलं नाही म्हणून आधीच नाराज होता.

"चिन्यांच्या सुया चालतात, माझा काढा चालत नाही," तो म्हणाला. "बरं आहे मंजू."

"दादा, काढ्याची चाचणी असती तर त्यातही गेले असते."

"चाचणी कुणाची? फूटपट्टी त्यांची, मोजणार ते, आणि आम्ही उभं राहायचं शाळेतल्या पोरांसारखं. आमच्याकडे प्रत्येक रोग्याचं औषध वेगळं. ते तुमच्या दोन गटांत कसं बसवणार?"

"नाही बसत तर मग ते काम करतं हे तुला तरी कसं कळतं?"

"पेशंट परत येतो."

"बरा न झालेलाही परत येतो, दादा."

गिरीश मागून हसला. "आता सुईपण मेड इन चायना. गॅरंटी विचारून घे."

"बाबा, दॅट्स सो रेसिस्ट," रेवा म्हणाली. मग फोनकडे वळून, "मामा, यू हॅव अ पॉइंट. विज्ञान न्यूट्रल नसतंच. कलोनियल टाइम्समध्ये लोकल मेडिसिनला मुद्दाम खाली ढकललं."

"बघ, पोरीला कळतं. चिन्यांचं सरकार त्यांच्या वैद्यांच्या पाठीशी उभं राहिलं. कॉलेजं काढली, जगभर पाठवलं."

"सरकार पाठीशी उभं राहिल्यानं सुई खरी होते का?" मी विचारलं.

"आणि तुमच्या कंपन्यांच्या पाठीशी कोण असतं? देव?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण लांबलचक होतं आणि माझी बोटं फोन धरून ठणकत होती. मी फोन रेवाकडे दिला. माझ्या सांध्यांवर तिघं मिळून पुढे बराच वेळ बोलत होते. वसाहतवाद, राष्ट्रवाद, औषध कंपन्या. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून मी ऐकत होते. मला फक्त मूठ मिटायला हवी होती.

लिनबाई

सुया देणाऱ्या बाई चीनमधल्या चेंगडूच्या. साठीच्या आसपास, केस बारीक कापलेले, हात मऊ आणि कोरडे. मिसेस लिन. मी मनात लिनबाई म्हणायला लागले. चाचणीच्या नियमानं त्यांना ठरलेली चार वाक्यंच बोलायची परवानगी होती. आज कसं वाटतंय. आता सुरू करते. काही वाटलं तर सांगा. संपलं.

त्या त्वचेवर एक छोटी नळी चिकटवायच्या आणि तिच्यातून सुई घालायच्या. खोटी सुई मला कागदावरून माहीत होती. बोथट असते आणि नाटकातला सुरा मुठीत सरकतो तशी दांड्यात मागे सरकते. टोचल्यासारखं वाटतं, पण आत जात नाही. मला वाटलं होतं, मी धंद्यातली आहे, पहिल्या दिवशी ओळखेन.

पहिल्या दिवशी मनगटाजवळ काहीतरी बारीक झिणझिणलं आणि अंगठ्यापर्यंत गेलं. ऊब पसरली. खरी आहे, मी ठरवलं. लिनबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. भिंत.

आठवड्यातून दोनदा जायचे. खोली लहान होती, एका कोपऱ्यात बंद पडलेलं वजनाचं यंत्र. लिनबाई सुया लावून झाल्यावर खुर्चीवर बसायच्या आणि कधीकधी माझ्या पायाच्या घोट्यावर हात ठेवायच्या. नियमात ते होतं की नाही मला माहीत नाही. त्या अर्ध्या तासात माझ्याशी कुणी काही बोलायचं नाही, मला काही ठरवायला सांगायचं नाही. घरी अशी जागा नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात एकदा सकाळी मी दात घासताना लक्षात आलं की ट्यूब मीच पिळली आहे. नंतर हळूहळू कणीक तिंबता यायला लागली. जिना सरळ उतरायला लागले. गोळी चालूच होती. गिरीशला मूठ करून दाखवली. त्यानं ती दोन्ही हातांत धरली आणि म्हणाला, "चायनीज माल टिकाऊ निघाला म्हणायचा." त्याचे डोळे भरले होते.

बातमी पसरली. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात एक काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे सगळं आपल्याकडूनच गेलंय बरं का तिकडे. बौद्ध भिक्षूंबरोबर. आपली आयुर्वेदातली मर्मं म्हणजेच त्यांचे सुयांचे पॉइंट्स." त्यांनी मला पुढच्या महिन्यात प्राचीन शास्त्रांवरच्या कार्यक्रमात अनुभव सांगायला बोलावलं. दादाचाही फोन आला. "मर्म! मी म्हणत नव्हतो?" म्हणाला. तो असं काही म्हणाला नव्हता. माझ्या दोन हातांवर चीन, भारत आणि अमेरिका असे तीन देश हक्क सांगत होते, आणि मी पोळ्या लाटत होते. पुष्कळ दिवसांनी.

डेनिसचा फोन

चाचणीतल्या शेवटच्या बाईचं सत्र संपल्यावर प्रत्येकीला आपापला गट कळवायचा असं ठरलेलं होतं, आणि मी शेवटच्या काही जणींतली होते. चाचणीचं काम पाहणारी नर्स डेनिस हिनं फोन केला. मी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये होते.

"हनी, तू शॅम ग्रुपमध्ये होतीस," ती म्हणाली. शॅम, म्हणजे खोट्या सुयांचा. "पण गुड न्यूज अशी, की तुम्हा सगळ्यांना आता खरी ट्रीटमेंट फ्री मिळणार आहे."

मी थँक यू म्हटलं. मग भाजी घेतली. भेंडी निवडून घेतली, एकेक मोडून पाहिली. बोटं व्यवस्थित चालत होती.

घरी सांगितलं. गिरीश म्हणाला, "म्हणजे काहीच नव्हतं. सगळं मनाचं." रेवा चिडली. "व्हॉट डू यू मीन, काहीच नव्हतं? आईनं डब्याचं झाकण उघडलं ते रिअल नव्हतं?" दादा फोनवर म्हणाला, "श्रद्धा, मंजू. श्रद्धा हेच औषध." मला तिघांचंही पटेना. माझी श्रद्धा नव्हतीच. होती ती माझ्याच धंद्यावर, आणि त्या धंद्याच्या हिशोबात मी सुधारले ते वजा करायच्या रकान्यात जाणार होतं.

एवढी वर्षं मी तो रकाना वजा करत आले. त्यात माणसं असतात हे मला माहीत होतं. त्यातली एखादी सकाळी उठून स्वतः वेणी घालत असेल आणि आपण म्हणतो "परिणाम नाही", असा विचार कधी केला नव्हता. करून तरी काय? वजा केलं नाही तर कुणीही उठावं आणि काहीही विकावं. वजाबाकी बरोबर आहे. मी आजही तीच करते.

महिनाभरात बोटं पुन्हा आखडली. कळल्यामुळे आखडली, सत्रं थांबल्यामुळे, की थंडी पडली म्हणून, हे मला सांगता येत नाही. एका बाईवरून काहीच सांगता येत नाही. दुसऱ्या कुणी मला असा एका बाईचा पुरावा आणून दिला असता तर मी तो परत केला असता. मंडळाच्या काकांना मी येत नाही असं कळवलं. कारण विचारलं तेव्हा खरं सांगितलं. ते म्हणाले, "एवढं कशाला सांगायचं लोकांना? बरं वाटलं एवढंच सांगा."

खऱ्या सुया

खऱ्या सुया लिनबाईंच्या स्वतःच्या दवाखान्यात मिळणार होत्या. एका बाजूला नखं रंगवायचं दुकान, दुसऱ्या बाजूला पिझ्झा, मधे त्या. इथे त्या वेगळ्याच होत्या. बोलत होत्या. जीभ पाहिली, दोन्ही मनगटांची नाडी बराच वेळ धरली, झोप विचारली, भूक विचारली, रडू येतं का विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली, विश्वास न बसल्यासारखी.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "मी येऊन सांगत होते की बरं वाटतंय, तेव्हा तुम्हाला माहीत होतं की आत काही गेलेलं नाही."

"हो."

"कसं वाटायचं?"

त्या सुया मांडत होत्या. "वाईट. तू बरी होत होतीस आणि मला वाईट वाटत होतं. माझ्या आजोबांची पद्धत त्यांची होती, शेजारच्या गावातल्या वैद्याची वेगळी. मग सरकार म्हणालं, सगळ्यांचं मिळून एक पुस्तक हवं. पुस्तकात मावलं तेवढं मी कॉलेजात शिकले. इथे आल्यावर तुमच्या लोकांनी त्यातलंही अर्धं काढून टाकलं. प्रत्येकीला त्याच जागा, तेवढाच वेळ, बोलायचं नाही. आणि मग विचारतात, चिनी वैद्यक काम करतं का? यात चिनी काय राहिलं?"

"मग तपासायचं कसं? तुम्ही म्हणता म्हणून मानायचं?"

त्यांनी उरलेल्या सुया मांडल्या. "नाही," म्हणाल्या. "मला माहीत नाही कसं."

वादात समोरच्यानं असं म्हटलं की मला बरं वाटतं. त्या दिवशी नाही वाटलं. त्यांना तरी माहीत असेल अशी मला आशा होती.

त्यांनी माझ्यासाठी म्हणून निवडलेल्या जागांवर खऱ्या सुया टोचल्या. त्या वेगळ्या लागतात, आता मला फरक कळतो. मी सहा आठवडे गेले. पडल्यापडल्या प्रत्येक सुईकडे लक्ष ठेवायचे. दुखणं उतरलं का? डावीकडे जास्त की उजवीकडे? लिनबाई म्हणायच्या, "तू इथे कामावर येतेस." बोटं तशीच राहिली. गोळी घेताना आता रोज सकाळी मी बाटलीसमोर थोडा वेळ उभी राहायला लागले होते.

शेवटच्या सत्रात मी त्यांना विचारलं. विचारताना लाज वाटली, पण दुसरं काही सुचत नव्हतं.

"ती खोटी सुई लावाल का मला? पहिल्यासारखी. मी काही विचारणार नाही."

त्यांनी सुया बाजूला ठेवल्या. "ती माझ्याकडे नाही. हॉस्पिटलनं मोजून परत नेल्या."

"मागवता येतील."

"माझ्या दवाखान्यात मी खोटं करत नाही," लिनबाई म्हणाल्या. "तिकडे करायला लावलं म्हणून केलं." मग थोड्या मऊ आवाजात, "आणि आता तुला माहीत आहे. आता ती नुसती बोथट सुई आहे."

मी डॉक्टरांनाही विचारलं. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचं चांगुलपण. जे काम करत नाही असं धरून चाललो आहोत ते मी लिहून देऊ शकत नाही, म्हणाल्या. मलाही त्यांच्या जागी हेच म्हणावं लागलं असतं. मला जे लागू पडलं ते या देशात कुणी मला देऊ शकत नव्हतं. पाश्चात्त्य नाही, चिनी नाही, माझी मीही नाही.

सध्या

डॉक्टरांनी गोळी काही आठवडे थांबवून पाहायला सांगितलं. हात मोकळे व्हायला लागले. त्या आठवड्यांत मी रेवाला मोदकाच्या पाऱ्या करायला शिकवल्या, कारण पुढे करता येतील की नाही माहीत नव्हतं. मग गोळी पुन्हा सुरू केली आणि थोड्याच दिवसांत बोटं पुन्हा लाकूड. आता सोडायची की घ्यायची, हे डॉक्टरांनी माझ्यावर सोपवलं आहे. रुग्णाचा निर्णय, असं त्याला म्हणतात.

परवा सकाळी गिरीश ऑफिसला गेला होता आणि औषधाची नवी बाटली आली होती. इथल्या औषधांच्या बाटल्यांना मुलांच्या हाताला न उघडणारं झाकण असतं. खाली दाबून फिरवायचं. फार्मसीत सांगितलं तर साध्या झाकणाची देतात, तुमच्यापैकी कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिते. मी सांगायचं विसरले होते. तळव्यानं दाबलं, दातांनी पाहिलं, रुमाल गुंडाळून पाहिलं. मग बाटली घेऊन स्वयंपाकघरात गेले. रेवा कॉफी करत होती.

"हे उघडून दे."

तिनं बाटली घेतली आणि लेबल वाचलं. ती गोळी मी सोडावी म्हणून वर्षभर भांडणारी मुलगी. झाकणावर तळवा ठेवून ती तशीच थांबली.

"आर यू शुअर, आई?"

"नाही," मी म्हटलं. "उघड."

तिनं दाबून फिरवलं. माझी बोटं वळत नव्हती, म्हणून तिनंच एक गोळी काढून माझ्या तळव्यावर ठेवली आणि पाण्याचा ग्लास भरायला वळली. मी गिळेपर्यंत तिनं मागे वळून पाहिलं नाही.